हळूमास्तरांची खालची रांग

गल्लीत बातमी आली ती इस्त्रीवाल्याकडून, त्यामुळे चांगली कडक होऊनच आली. हळूमास्तरांनी म्हणे शाळेच्या अख्ख्या समितीला संगीताच्या खोलीत कोंडलं, दाराला पाठ लावून उभे राहिले, आणि गाण्याचा वर्ग बंद करणार नाही असं अध्यक्षांकडून वदवून घेतल्याशिवाय एकालाही बाहेर सोडलं नाही. बातमी सलूनमध्ये पोचेपर्यंत मास्तरांच्या हातात लाकडी पट्टी आली होती. सलूनमधून बाहेर पडली तेव्हा अध्यक्ष त्यांच्या पायाशी बसून रडत होते.

ज्यांनी हळूमास्तरांना पाहिलंय त्यांनी इथेच हसून घ्यावं. रस्त्यात कुत्रं आडवं झोपलेलं असलं तर हा माणूस त्याला उठवत नाही, ‘झोपलंय बिचारं’ म्हणून दुसऱ्या गल्लीने वळसा घालून जातो. फोन वाजला की आधी दचकतो, मग बायकोकडे बघतो. बेकरीवाल्याने शिळा पाव दिला तर परत करायला नको म्हणून दाराबाहेरच उभा राहून खाऊन टाकतो. असला माणूस समितीला कोंडणार? खरं एवढंच, की समिती कोंडली गेली आणि दार मास्तरांच्याच टाचेने लागलं. पण मुद्दाम नव्हे. आणि दार लागल्यावर त्या खोलीत सगळ्यात जास्त घाबरलेला माणूस मास्तरच होते. निदान सुरुवातीला तरी.

त्याचं झालं असं.

मुख्याध्यापिकाबाईंनी एक दिवस मास्तरांना खोलीत बोलावलं आणि म्हणाल्या, “बसा.” मास्तर अर्ध्या खुर्चीवर टेकले. चांगली बातमी कोणी बसवून सांगत नाही.

“समितीला खर्चाला कात्री लावायचीय,” बाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या, फक्त दमलेल्या होत्या. “आणि कात्री म्हटलं की आधी गाणं दिसतं सगळ्यांना. गाण्यात नापास झालं म्हणून कुणाचं वर्ष जात नाही ना.”

“म्हणजे वर्ग...”

“पुढच्या सत्रापासून बंद. तुमच्या नोकरीला धक्का नाही, मास्तर, घाबरू नका. भांडारात बसायचं. खडू, डस्टर, कोऱ्या उत्तरपत्रिका. पगार तोच. त्या खोलीत मोडकी बाकं ठेवू. शनिवारी समिती खोली बघायला येतेय. हवं तर मुलांना बोलवा, दोन गाणी होऊ देत. आणि तुम्ही चार शब्द बोला. बोलाल ना?”

मास्तर “हो” म्हणाले. बाईंनी ते ऐकलं नाही, ओठांवरून ओळखलं.

घरी आले तेव्हा बायको शिवणयंत्रावर बसली होती. ती गल्लीतल्या बायकांचे कपडे शिवते, आणि तिची जीभ त्या यंत्राच्या सुईपेक्षा वेगाने चालते. सगळं ऐकून तिने पाय थांबवला.

“पगार तोच?”

“तोच.”

“आणि वर्षभर घसा कोरडा करायचा नाही?”

“नाही.”

“मग तोंड असं का केलंय? उत्तरपत्रिका चावतात का?”

मास्तर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. जरा वेळाने म्हणाले, “खालच्या रांगेचं काय होणार?”

बायकोने सुईतला दोरा तोडून कापड बाजूला ठेवलं. खालची रांग म्हणजे काय ते तिला माहीत होतं. मास्तर शाळेत होते तेव्हा त्यांच्या गाण्याच्या बाईंनी त्यांना एकदा ऐकलं आणि म्हणाल्या, “तू नुसतं तोंड हलव.” मास्तरांनी सगळी शाळा तोंड हलवत काढली. स्टेजवर उभं राहायचं, सगळ्यांबरोबर ओठ उघडायचे आणि आवाज बाहेर पडू नये म्हणून श्वास धरून ठेवायचा. चुकून निसटला तर! ती भीती आजही त्यांच्या छातीत बिऱ्हाड करून आहे. पुढे हाच माणूस गाण्याचा मास्तर झाला. घरच्यांना तो विनोद वाटला. पण मास्तरांनी स्वतःच्या वर्गात एक नियम केला: कुणालाही तोंड हलवायला लावायचं नाही. ज्याला चाल जमत नाही, ज्याचा आवाज फुटलाय, जो लाजतो, तो खालच्या रांगेत. खालच्या रांगेने एकच सूर धरायचा, ‘आ’. बाकीचे त्या सुरावर उभं राहून गाणार. “वरचे गातात ते घर,” मास्तर मुलांना सांगत, “तुम्ही जमीन.” आणि कुजबुज वाढली की हात खाली दाबत “हळू... हळू...” म्हणत. तिथूनच त्यांचं नाव पडलं.

बायकोने त्या आठवड्यात त्यांची तयारी करून घेतली. संध्याकाळी गिऱ्हाइकं गेली की ती यंत्रामागे ताठ बसायची. “मी अध्यक्ष. बोला.”

“आदरणीय अध्यक्ष...”

“ऐकू येत नाही.”

“आदरणीय अध्यक्ष आणि...”

“भाषण करताय का माफी मागताय?”

“तू अशी बघू नकोस ना.”

“अध्यक्ष काय डोळे मिटून बसणारेत? तो माणूस कुलपं-कड्या विकतो. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत त्याच्याकडे किती पैसे आहेत ते ओळखतो. बोला, बोला!”

चौथ्या की पाचव्या संध्याकाळी बायकोनेच हात टेकले. “राहू द्या. पेटी वाजवा तुम्ही. बोलायचं ते पोरांना गाऊन सांगू दे.” मग कापायला घेतलेलं कापड सरळ केलं आणि ते हलू नये म्हणून त्यावर एक पितळी वजन ठेवलं. “आणि हे तुमच्या शाळेचं भंगार एकदा परत न्या. दाराचं हँडल कुणी घरी आणून ठेवतं का?”

मास्तरांनी मान खाली घातली. त्या हँडलची भानगड त्यांनी शाळेत कुणाच्या कानावर घातली नव्हती.

संगीताची खोली इमारतीच्या अगदी टोकाला आहे. भिंतीपलीकडे गणिताचे सर शिकवतात. त्यांना गाण्याचा त्रास होतो, आणि त्यांना त्रास झाला की मास्तरांची पाचावर धारण बसते. म्हणून मास्तरांनी भिंतींना जुन्या गाद्यांचे तुकडे आणि अंड्यांचे ट्रे चिकटवलेत. आत ओरडलं तरी बाहेर मांजर जागं होत नाही. एवढं करून एक आवाज राहिलाच. खालच्या रांगेने ‘आ’ धरला की दाराचं आतलं हँडल झर्रर्र करून थरथरायचं. स्क्रू आवळून पाहिले, कागद कोंबून पाहिला, पण भोकच झिजलेलं. मग एके दिवशी मास्तरांनी हँडल आतल्या चौकोनी सळईसकट काढलं आणि पिशवीत टाकून घरी नेलं. सूर स्वच्छ झाला. दार मात्र आतून उघडेना. पण त्याचं काही अडलं नाही. तासाच्या सुरुवातीला टाचेने दार ढकलायचं, खटका आपोआप लागायचा, आणि घंटा झाली की शिपाई बाहेरून किल्लीने उघडायचा. शिपायाला वाटायचं ही मास्तरांची शिस्त आहे. सांगणार होते मास्तर बाईंना. पण आधी ‘का काढलंत’ आणि मग ‘कुणाला विचारून काढलंत’ असे दोन प्रश्न आले असते, आणि एकाच बैठकीत दोन प्रश्न झेपतील अशी मास्तरांची तब्येत नाही.

शनिवार उजाडला. शाळेला सुट्टी, मैदान रिकामं, घंटा लोखंडी खांबावर गप्प. मुलं मात्र धुतलेल्या कपड्यांत आली होती. मास्तर पेटीमागे बसून बोटं मांड्यांखाली दाबत होते.

समिती आली. समिती म्हणजे तसे दोघंच. पुढे अध्यक्ष, रुंद खांद्यांचे, कुठल्याही खोलीत शिरले की आधी बिजागऱ्या बघणारे. मागून खजिनदारबाई, बँकेतून निवृत्त झालेल्या, चष्मा नाकाच्या टोकावर. मुख्याध्यापिकाबाईंनी शिपायाला चहा आणायला कोपऱ्यावर पिटाळलं आणि त्याही आत येऊन बसल्या.

“हं, मास्तर,” अध्यक्ष खुर्चीत रेलत म्हणाले, “बोला. काय म्हणणं आहे तुमचं?”

मास्तर उठले. तोंड उघडलं. बायकोसमोर निदान ‘आदरणीय’पर्यंत तरी मजल गेली होती, इथे तेवढंही निघेना. समोर तीन माणसं, मागे मुलं, कानात नुसता रक्ताचा आवाज. आणि अशा वेळी माणसाचं शरीर सवयीचं असेल ते करून मोकळं होतं. मास्तरांनी मुलांना उठायची खूण केली आणि टाचेने दार ढकललं.

खट्.

तो आवाज सगळ्यांनी ऐकला, पण कळला एकट्या मास्तरांना.

घंटा होणार नव्हती. गणिताचे सर गावाला गेले होते. शिपाई चहा घेऊन आला तरी ऑफिसात जाणार. हँडल तिकडे कुणाच्या तरी झग्याच्या कापडावर बसलेलं. आता सांगावं? काय सांगावं? ‘माफ करा, मी तुम्हाला कोंडलंय’? मुलं गातायत तोवर हे बसणार, गाणं थांबलं की उठणार, आणि उठले की दाराकडे जाणार. मग वर्ग गेलाच. वर शाळेची मालमत्ता घरी नेल्याचा ठपका.

म्हणून मास्तरांनी पेटी ओढली.

पहिलं गाणं झालं. अध्यक्षांनी एकदा टाळी वाजवून पायावरचा पाय खाली घेतला, तोच दुसरं सुरू. दुसरं संपता संपता मास्तरांनी त्याचं पहिलं कडवं परत घेतलं. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं, पण गायली. खजिनदारबाईंनी मान डोलावली. मास्तरांचे डोळे बोटांवर नव्हते, दारावर होते. दाराखालच्या फटीतून कुणाची सावली येतेय का? नाही. तिसरं गाणं. चौथं, जे मुलांना अर्धंच येत होतं. घामाने शर्ट पाठीला चिकटला.

“मुलं बरी गातात,” अध्यक्ष मुख्याध्यापिकांच्या कानाशी वाकून म्हणाले. “पण म्हणून खर्च चालू ठेवायचा का, हा प्रश्न आहे.”

“मास्तर!” बाईंनी हात वर केला. “पुरे आता. छान झालं.”

“एकच अजून,” मास्तर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बाईंचं मोडलं, आणि तेही भीतीपोटी.

पण अध्यक्ष उठलेच. “चला, दुकान उघडायचंय,” म्हणत दारापाशी गेले आणि हात पुढे केला. हात तसाच राहिला. त्यांनी दाराकडे पाहिलं. वाकून पाहिलं.

“याचं हँडल कुठाय?”

पेटीचा भाता हळूहळू मिटत गेला.

“मास्तर? हँडल कुठाय?”

“घरी,” मास्तर म्हणाले.

“कुणाच्या?”

“माझ्या.”

जन्मभर हँडलं विकलेल्या माणसाला असलं उत्तर कधी मिळालं नसावं. त्यांनी भोकात पेन घातलं, ते मोडलं. खजिनदारबाईंनी केसातला आकडा दिला, तो वाकला. मुख्याध्यापिकाबाईंनी शिपायाला फोन लावला, तर खिडकीच्या कट्ट्यावर त्याचाच फोन वाजायला लागला. त्याने तो तिथे चार्जिंगला ठेवला होता. एक मुलगी फिसकन हसली. खजिनदारबाईंनी नवऱ्याला फोन केला. “अहो, शाळेत कोंडले गेलेय मी!” तिकडून आलेलं हसू सगळ्यांना ऐकू गेलं. “येतो, येतो,” नवरा म्हणाला, “पण लांब आहे मी. तोवर गप्प बसायची सवय कर.”

अध्यक्षांनी दारावर दोन्ही मुठी आपटल्या. गाद्यांनी तो आवाज गिळून टाकला. “कुणी आहे का?” ते ओरडले, आणि त्या ओरडण्याला एक बारीक चीर गेली. ती मास्तरांनी बरोबर ऐकली. मग अध्यक्ष मागे वळले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. शर्टाचं वरचं बटण ते पुन्हा पुन्हा चाचपत होते, जे आधीच उघडं होतं.

“खिडकी उघडा,” ते म्हणाले.

“उघडीच आहे हो,” मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. खिडकीला गज होते, आणि गजांपलीकडे रिकामं मैदान.

“मग हवा का येत नाहीये?”

कुलपांच्या दुकानदाराला बंद दाराची भीती! ही गोष्ट त्यांच्या बायकोखेरीज कुणाला माहीत नसावी. एरवी गल्लीने यावर महिनाभर गुजराण केली असती. पण त्या वेळी हसायचं कुणाला सुचलं नाही, कारण मोठा माणूस घाबरला की खोलीच लहान होते. सगळ्यात पुढचं पोरगं मुसमुसायला लागलं. त्याच्या शेजारच्या मुलीचा ओठ वाकडा झाला. खालच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, “मास्तर, आपण इथेच राहणार?”

बाकीच्यांना अध्यक्षांच्या त्या चेहऱ्याचं काय करावं ते कळत नव्हतं, पण मास्तरांना तो चेहरा ओळखीचा होता. मुख्याध्यापिकांच्या दाराबाहेर उभे असताना त्यांचा अस्साच होतो. ते उठून अध्यक्षांपाशी गेले.

“साहेब, तुम्ही श्वास नुसता आत घेताय. सोडत नाही आहात.”

“दूर व्हा. तुमच्यामुळे...”

“हो, माझ्यामुळेच. नंतर बोला मला. आत्ता इकडे या, खालच्या रांगेत.”

“मला गाता येत नाही!”

“तिथे कुणालाच येत नाही. एक सूर धरायचा फक्त. लांबवर. संपला की परत.”

अध्यक्षांना हात धरून नेताना कुणाचा हात जास्त थरथरत होता हे ठरवणं कठीण होतं. खालच्या रांगेतल्या एका धिप्पाड मुलाने सरकून जागा दिली आणि जुन्या माणसाने नव्याला सांगावं तसं सांगितलं, “पोटातून काढायचा, काका. घशातून काढला तर खोकला येतो.” मास्तरांनी पेटीवर एक पट्टी दाबली. खालची रांग ‘आ’ म्हणाली. पहिल्यांदा त्यात एक फाटका, घोगरा आवाज होता, मध्येच तुटणारा. मग कमी तुटणारा. खजिनदारबाईही उठून शेजारी उभ्या राहिल्या. मास्तरांनी वरच्या रांगेला खूण केली, आणि मुसमुसणाऱ्या पोराला त्यावर गावंच लागलं, कारण त्याचीच सुरुवात होती.

किती वेळ चाललं ते कुणी पाहिलं नाही. मास्तरांना वाटत होतं, थांबलो तर सगळे पुन्हा घाबरतील, माझ्यासकट. म्हणून ते थांबले नाहीत.

तिकडे शिपाई चहा घेऊन आला. ऑफिसात कुणी नाही हे पाहून सगळे गेले असं त्याने ठरवलं, आणि गार होऊन वाया जायला नको म्हणून सगळे कप एकट्याने संपवले. मग त्याला फोनची आठवण झाली. त्याने संगीताच्या खोलीचं दार उघडलं आणि समोर शाळेचे अध्यक्ष डोळे मिटून, तोंड वासून मुलांच्या रांगेत उभे. शिपाई दार लावून परत जाणार होता. मुख्याध्यापिकाबाईंनी झडप घालून दाराला पाय लावला.

मुलं घरी गेली. मोठी माणसं ऑफिसात बसली. अध्यक्षांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, तो रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही, आणि मग रंग परत आल्याबरोबर रागही परत आला.

“मास्तर, हे मुद्दाम केलंत?”

“नाही.”

“बरोबर. मुद्दाम करायला छाती लागते.” त्यांनी तोंड पुसलं. “माझं मत बदललेलं नाही. भांडार.”

मास्तरांना ऐकू आलं, पण खुर्चीची कड सोडवेना. खजिनदारबाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला.

“माझं बदललं,” त्या म्हणाल्या. “शाळेत असताना मला वर्गाबाहेर बसवायचे, गाण्याच्या तासाला. आज पहिल्यांदा आत उभी राहिले. आणि अध्यक्षमहाराज, ती रांग नसती तर आज तुम्हाला उचलून न्यावं लागलं असतं. हे मी बाहेर बोलणार नाही. अर्थात, माझ्या नवऱ्याला बोलावं लागेल. तो विचारणारच.”

अध्यक्षांनी मुख्याध्यापिकांकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “मोडकी बाकं जिन्याखाली मावतील.”

ठरलं ते असं: वर्ग वर्षभर राहील, पण तास निम्मे. पेटी बिघडली तर शाळा दुरुस्त करणार नाही. सोमवारी दाराला हँडल. आणि वर्षअखेरीस पुन्हा हाच विषय, हीच समिती, हेच चार शब्द बोलणं. म्हणजे इस्त्रीवाल्याच्या बातमीतला विजय यात फारसा नव्हता. मास्तरांनी मान डोलावली. ‘पुन्हा हाच विषय’ ऐकल्यापासून ते मनातल्या मनात ‘आदरणीय’ म्हणून बघत होते.

फाटकापाशी अध्यक्ष थांबले. गाडीची किल्ली बोटात फिरवत, जरा हसून, जरा टोचून म्हणाले, “मास्तर, एक विचारतो. एवढे भित्रे तुम्ही. बोलायला उभे राहिलात तर तोंडातून शब्द नाही, हात बघा अजून लटपटतायत. कशाला वर्षभर ही धाकधूक मागे लावून घेतलीत? भांडारात सुखाने बसला असता.”

मास्तरांनी हात पाठीमागे घेतले, घसा साफ केला, आणि म्हणाले,

“घाबरत तर मी तिथेही बसलो असतो, साहेब. इथे निदान मुलं गातात.”